रेडवुड क्रीकच्या काठाने

'क्रीक' म्हटलं की मुंबई-ठाण्याकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर खाडी येते. खारं पाणी, चिखल, तिवरं, भरती-ओहोटी. अमेरिकेत मात्र क्रीक म्हणजे साधा ओढा, कोकणातला वहाळ. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलापासून वीसेक किलोमीटर उत्तरेला म्यूर वुड्स नावाचं, रेडवुड जातीच्या उंचच उंच झाडांचं जुनं जंगल आहे, त्याच्या मधोमध रेडवुड क्रीक वाहतो. पावसाळा सोडला तर त्यात गुडघाभर पाणीही अवघडच. उन्हाळ्याच्या शेवटी तर ते एका डोहातून दुसऱ्या डोहात कसंबसं झिरपत असतं.

दरवर्षी लाखो माणसं इथे येतात ती झाडं बघायला. मान वर करून चालतात, लाकडी पुलांवरून ओढा ओलांडतात आणि पुलाखाली काय आहे हे न बघताच परततात. माझं म्हणणं एवढंच की या वाटेवर खाली बघत चाला. पंचवीस मजली उंचीची झाडं चुकवू म्हटलं तरी चुकत नाहीत. ओढा चुकतो. आणि ते जंगल तिथे का उभं आहे, कसं वाचलं, वाचवताना काय बिघडलं आणि आता काय दुरुस्त होतंय, हे सगळं त्या ओढ्याच्या पात्रात लिहिलेलं आहे.

ओढ्याचा प्रवास लांबचा नाही. माउंट टॅमलपायस या ७८४ मीटर उंचीच्या डोंगराच्या कुशीत तो उगम पावतो आणि म्यूर बीचवर प्रशांत महासागराला मिळतो. कोकणातल्या माणसाला हा नकाशा ओळखीचा वाटेल. पाठीशी डोंगर, समोर समुद्र, मध्ये उतारावरून घाईने धावणारं पाणी आणि मुखाशी वाळूचा दांडा. पाऊस मात्र ओळखीचा नाही. इथे वर्षाला सरासरी १०० सेंटिमीटर पडतो, रत्नागिरीत याच्या तिपटीहून जास्त. शिवाय त्याचं वेळापत्रक आपल्या उलट आहे. पाऊस नोव्हेंबर ते मार्च, आणि मे ते सप्टेंबर जवळजवळ कोरडे. आपल्याकडे जूनमध्ये छत्र्या निघतात तेव्हा तिथला ओढा आटायला लागलेला असतो.

तरीही या जंगलाला वर्षावन म्हणतात. ते का? अलास्कापासून उत्तर कॅलिफोर्नियापर्यंत प्रशांत किनाऱ्याला लागून समशीतोष्ण वर्षावनाचा एक लांबच लांब पट्टा आहे, रेडवुडची जंगलं हे त्याचं दक्षिण टोक. उत्तरेकडे पाऊस भरपूर. इथे दक्षिणेत उन्हाळ्याची ती उणीव धुकं भरून काढतं. किनाऱ्यालगतचा समुद्रप्रवाह गार असतो, त्यात खोलातलं आणखी थंड पाणी वर येतं. त्यावरची दमट हवा निवते आणि धुकं धरतं. आतल्या बाजूला कॅलिफोर्नियाचं मोठं खोरं तापलं की तिथली हवा वर जाते आणि तिच्या जागी हे धुकं दऱ्यांमधून आत ओढलं जातं. रेडवुडची बारीक पानं ते गाळून घेतात. आंबोलीच्या घाटात पाऊस थांबल्यावरही झाडांखाली टपटप चालू राहते ना, अगदी तसं इथे ऑगस्टच्या सकाळी होतं, आणि तेही पावसाचा एक थेंब पडलेला नसताना. उत्तर कॅलिफोर्नियातल्या रेडवुड जंगलात काही वर्षं मोजमाप केल्यावर असं दिसलं, की वर्षभरात जमिनीला मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक तृतीयांश पाणी या ठिबकण्यातून येतं. कोरड्या महिन्यांत जंगल तगतं ते या पाण्यावर.

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या, म्हणजे बे एरियातल्या मराठी घरांत आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात ते बहुतेक याच कोरड्या दिवसांत. गोल्डन गेट झाला, तळ्याकाठचं मंदिर झालं, मॉल झाला, मग कुणीतरी म्यूर वुड्सचं नाव काढतं. गुडघे कुरकुरणाऱ्या माणसाला आणि बाबागाडीतल्या नातवाला एकाच वाटेवरून नेता येईल अशी जंगलं जगात थोडी आहेत, त्यामुळे निवड योग्यच. पण दिवस फसतो तो जंगलात शिरायच्या आधी. म्हणून आधी तेवढं नीट सांगतो.

२०१८च्या जानेवारीपासून इथे गाडी लावायला आधी आरक्षण लागतं. शटल बसने यायचं तरी लागतं. आरक्षण नसेल तर परत पाठवतात, आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावायची सोय राहिलेली नाही. आरक्षणात पोचण्यासाठी अर्ध्या तासाची वेळ ठरवून दिलेली असते. एकदा गाडी उभी केली की निघायची घाई कुणी करायला लावत नाही. प्रवेशाचे पैसे वेगळे. सोळा वर्षं आणि त्यावरच्या माणसाला माणशी १५ डॉलर, त्याखालच्या मुलांना काही नाही. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास असेल तर प्रवेश त्यात येतो, पार्किंग येत नाही. ज्येष्ठांच्या स्वस्त पासवर मात्र भिस्त ठेवू नका. तो बासष्ट पूर्ण केलेल्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांनाच मिळतो, पर्यटक व्हिसावर आलेल्या आईबाबांना नाही.

दुसरी फसगत मोबाइलची. दरीत सिग्नल येत नाही. आरक्षणाचा कागद, परतीचा नकाशा, बरोबरच्या दुसऱ्या गाडीला कळवायचं ते सगळं डोंगर उतरायच्या आधीच उतरवून घ्या किंवा छापून ठेवा. भाड्याच्या टॅक्सीने येणाऱ्यांची इथे फार पंचाईत होते. टॅक्सी सोडून जाते, पण परत बोलावायला फोनच लागत नाही. दोन गाड्यांनी आलात तर भेटायची जागा आणि वेळ तोंडी ठरवून टाका.

तिसरी अडचण रस्त्याची. हमरस्ता सोडला की शेवटचे काही किलोमीटर घाटाचे, अरुंद आणि एकामागून एक वळणांचे आहेत. ज्यांना गाडी लागते त्यांना आंबा घाटात काय होतं ते आठवा, आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवा. भरल्या पोटी निघू नका, नुसत्या चहावरही नको. आलेपाक किंवा आवळा सुपारी जवळ असू द्या. घाट उतरल्यावर लगेच चालायला न लागता प्रवेशद्वारापाशी दहा मिनिटं बसा. स्वच्छतागृहं इथेच आहेत, पुढे वाटेवर नाहीत, हेही या दहा मिनिटांत आटपून घ्या.

कपड्यांबद्दल एकच. दक्षिणेकडून, म्हणजे फ्रीमाँट-सनीवेलकडून निघताना ऊन रणरणतं, म्हणून स्वेटर घरी ठेवला जातो. जंगलात वर्षभर तापमान साधारण ४ ते २१ अंशांच्या मध्ये असतं आणि जुलैच्या सकाळी धुक्यात कानशिलं गार पडतात. कानटोपी हसण्यावारी नेऊ नका. चपला नकोत. फळ्यांची वाट ओली असते आणि ओल्या लाकडावर गुळगुळीत तळवा तेल सांडल्यासारखा सरकतो. खरबरीत तळाचे बूट हवेत. आधाराची काठी असेल तर तिच्या टोकाला रबर असू द्या, उघडं लोखंडी टोक फळ्यांच्या फटीत अडकतं.

आता वाट. ओढ्यावर चार पूल आहेत आणि त्यांना सरळ एक, दोन, तीन, चार असे क्रमांक आहेत. मुख्य वाट ओढ्याच्या काठाने वर जाते, पलीकडच्या काठाने परत येता येतं. दुसऱ्या पुलावरून वळलात तर जाऊन-येऊन जेमतेम एक किलोमीटर, अर्धा तास. तिसऱ्या पुलावरून वळलात तर दीड किलोमीटरच्या आसपास, एक तास. चौथ्या पुलापर्यंत गेलात तर तीनेक किलोमीटर आणि दीड तास. हे वेळ चालण्याचे. ओढा बघायचा असेल तर दुप्पट धरा.

सुरुवातीचा भाग फळ्यांचा आणि डांबरी, जवळजवळ सपाट. बाबागाडी, चाकांची खुर्ची आरामात जाते, बसायला बाकं आहेत. चौथ्या पुलावरून पलीकडे गेलं की हिलसाइड ट्रेल लागते. ती उतारावरून जाते, कच्ची आणि अरुंद आहे, मध्ये पायऱ्या आहेत आणि एका अंगाला खाली दरी. ओढा तिथून खाली दिसतो आणि झाडांचे बुंधे त्यांच्या मध्यावरून पाहायला मिळतात. ही वाट मला फार आवडते, पण ज्यांचा तोल जातो त्यांना तिच्यावर नेऊ नये. कुटुंबात दोन गट करावेत. एकाने तिसऱ्या पुलावरून परतावं, दुसऱ्याने चौथ्यावरून वरच्या वाटेने यावं, आणि दोघांनी दुसऱ्या पुलापाशी भेटावं. हिलसाइड ट्रेल तिथेच उतरते.

वाट सोडू नका असं पाट्या सांगतात, त्याचं कारण पाटीवर वाचण्यापेक्षा पायाखाली समजून घेण्यासारखं आहे. इथल्या सर्वांत उंच झाडाची उंची २५८ फूट, म्हणजे साधारण ७९ मीटर. एवढ्या झाडाला सोटमूळ नसतं. मुळं जेमतेम दहा-बारा फूट खोल जातात आणि आडवी मात्र शंभर फुटांपर्यंत पसरतात, शेजारच्या झाडाच्या मुळांत गुंततात. झाड उभं असतं ते या विणीवर. माणसांच्या पायांनी माती दाबली गेली की तिच्यातल्या हवेच्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही, बारीक मुळं गुदमरतात. फळ्या जमिनीपासून उचलून टाकल्या आहेत त्या आपले पाय ओले होऊ नयेत म्हणून नव्हे. खोडाला हात लावून फोटो काढायला दहा माणसं रोज कुंपण ओलांडतात तेव्हा ती दहा पावलं मुळांवरच पडत असतात. ज्यांना साल हातात धरून बघायचीच आहे त्यांनी वाटेला लागून असलेलं झाड शोधावं, तशी आहेत. साल नारळाच्या सोडणासारखी लागते, तंतुमय आणि कोरडी, काही झाडांवर फूटभर जाड. आगीत जुनी रेडवुड वाचतात ती तिच्यामुळे. बुंध्यांना जळक्या गुहा दिसतात, आणि तरी वर झाड हिरवं.

आणखी एक गोष्ट वाटेवरूनच दिसते. काही ठिकाणी झाडं गोलात उभी असतात, जणू कुणी रिंगण धरून लावावीत. केळीच्या बुंध्याभोवती कोंब फुटतात तसे रेडवुडच्या बुंध्याभोवतीही फुटतात. मधलं मूळ झाड मरतं, कुजून जातं, आणि कोंबांची झाडं होऊन त्याची जागा राखत उभी राहतात. रिंगणातली मोकळी जागा म्हणजे त्या आईचा घेर.

आता गुडघे वाकवून खाली बघा. ओढ्याच्या काठाला, नेच्यांच्या मधल्या जागेत तीन हृदयाच्या आकाराच्या पानांची गादी पसरलेली दिसेल. आपल्या कुंडीत आणि पायवाटेवर उगवणारी आंबुशी आठवते? तिचीच ही बहीण, पानं तिच्याहून बरीच मोठी. ही सावलीत वाढते, इतक्या गडद सावलीत की दुसरं फारसं काही तिथे तग धरत नाही. फांद्यांच्या फटीतून उन्हाचा एखादा कवडसा तिच्यावर येऊन थांबला तर एका जागी उभे राहा आणि घड्याळ बघा. काही मिनिटांत तिन्ही पानं छत्री मिटावी तशी खाली मिटतात. कवडसा सरकला की पुन्हा उघडतात. थेट ऊन तिच्या पानांना सोसत नाही. सकाळी दहा-अकराच्या सुमारास, धुकं विरताना, एकाच वाफ्यात अर्धी पानं मिटलेली आणि अर्धी उघडी दिसतात, आणि त्या दोहोंतली सीमारेषा उन्हाबरोबर हळूहळू सरकत जाते. लहान मुलांना लाजाळू दाखवतो तशी ही दाखवावी, फक्त हात न लावता.

तिच्याच आसपास, ओल्या दिवशी, पिवळीधमक बिनशंखाची गोगलगाय भेटेल. तिला तिथे बनाना स्लग म्हणतात आणि नाव शोभतं. पूर्ण वाढलेली वीतभराहूनही लांब होते. कुजलेली पानं, कवकं, विष्ठा खाऊन ती माती करते. फळीवर आली तर ओलांडून जा, उचलून बाजूला ठेवू नका. तिचा चिकट पदार्थ बोटांना लागला तर पाण्याने जात नाही, आधी कोरड्याने चोळून काढावा लागतो.

हात लावू नये अशी खरी धोक्याची गोष्ट दुसरीच आहे. पॉयझन ओक नावाची वनस्पती. मुख्य वाटेवर, दाट सावलीत ती क्वचित दिसते, पण उन्हाच्या उतारांवर, जंगलाच्या कडेला आणि वर जाणाऱ्या डिप्सीसारख्या वाटांवर भरपूर. तीन-तीन पानांचा जुडगा, कधी चकचकीत हिरवा, उन्हाळ्याअखेर लालभडक. पळसाला पानं तीन, तशी हिलाही तीनच. हिचं कूळ मराठी माणसाला सांगायला सोपं. ही बिब्ब्याच्या घरातली. बिब्बा उततो तशीच ही उतते, आणि हिचा चीक आंब्याच्या चिकाचा नातेवाईक आहे. आंब्याच्या देठाजवळच्या चिकाने ज्यांचं तोंड येतं त्यांनी इथे जास्त जपावं. चीक कातडीला लागून पुरळ उठायला एखाद-दोन दिवस लागतात, त्यामुळे लागला तेव्हा कळत नाही. शंका आली तर शक्य तितक्या लवकर साबण आणि गार पाण्याने धुवा. बूट, पँट, काठीही धुवा, कारण कपड्यांवर तो चीक बरेच दिवस टिकतो. थंडीत पानं गळून नुसत्या काटक्या उरतात, त्याही तितक्याच उततात.

आता ओढ्याकडे. एकोणिसाव्या शतकात सॅन फ्रान्सिस्को वाढलं ते आसपासची रेडवुड कापून. ही दरी अवघड होती म्हणून मागे राहिली. १९०५ मध्ये विल्यम केंट आणि एलिझाबेथ थॅचर केंट या दांपत्याने इथली ६११ एकर जमीन ४५ हजार डॉलरना विकत घेतली. दोनच वर्षांत एका पाणी कंपनीने कायद्याच्या जोरावर ती ताब्यात घ्यायची मागणी केली. तिला हवा होता हा ओढा. त्याच्यावर बांध घालून दरीत तलाव करायचा बेत होता, आणि तलाव झाला असता तर जंगल तोडून पाण्याखाली गेलं असतं. केंट दांपत्याने त्यातली २९५ एकर जमीन सरकारला दान केली आणि ९ जानेवारी १९०८ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ती राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केली. अशा स्मारकासाठी खासगी माणसाने जमीन दान देण्याची ही पहिलीच वेळ. नाव द्यायची वेळ आली तेव्हा केंट यांनी स्वतःचं न देता निसर्गअभ्यासक जॉन म्यूर यांचं सुचवलं. आज दुसऱ्या पुलावर उभे राहिलात तर बांध झाला असता तर आपण कुठे असतो याचा अंदाज बांधून बघा.

बांध टळला, पण ओढ्याला त्रास पुढे झालाच, आणि तो चांगल्या हेतूने झाला. १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी सरकारने जी दलं उभारली, त्यांतल्या तरुणांनी इथे ओढ्याचे काठ दगडांनी बांधून काढले. काठ ढासळू नये, वाट वाहून जाऊ नये, पात्र नीटनेटकं दिसावं म्हणून. पात्रात पडलेली झाडंही पुढे बरीच वर्षं उचलून नेली जात. पाणी सरळ झालं, जोर वाढला, तळ खरवडला गेला. वाकडातिकडा ओढा पुराचं पाणी कडेच्या सखल जागेत सोडतो, ओंडक्यांच्या मागे डोह करतो. बांधलेल्या ओढ्यात ना डोह राहतात, ना आडोसा. याचा फटका झाडांना बसला नाही, माशांना बसला.

रेडवुड क्रीकमध्ये कोहो सॅमन आणि स्टीलहेड हे मासे समुद्रातून येतात. कोहोचं चक्र ठरलेलं. हिवाळ्यात मादी शेपटीने खडी उकरून तिच्यात अंडी घालते, वसंतात पिल्लं बाहेर पडतात, वर्षाहून थोडा जास्त काळ ओढ्यात काढतात, मग समुद्रात जातात आणि एकूण तीन वर्षांची होऊन त्याच ओढ्यात परत येतात. अंडी घालतात आणि मरतात. म्हणजे दरवर्षी येणारा थवा हा तीन वर्षांपूर्वीच्या थव्याचाच वंश. एका हिवाळ्यात पुराने पिल्लं वाहून गेली, किंवा गाळाने अंडी गुदमरली, तर त्याचा हिशेब तीन वर्षांनी लागतो, आणि तशी दोन-तीन वर्षं लागोपाठ आली की वंश बुडतो. कॅलिफोर्नियाच्या मध्य किनारपट्टीतला कोहो २००५ पासून नामशेष होण्याच्या धोक्यातला म्हणून नोंदलेला आहे. इथली संख्या इतकी घसरली की २०१४ पासून काही उन्हाळ्यांत ओढ्यातली पिल्लं पकडून मत्स्यबीज केंद्रात वाढवली गेली आणि मोठी झाल्यावर अंडी घालण्यासाठी पुन्हा याच ओढ्यात सोडली गेली.

आणि २०१९ मध्ये, ऐंशी-एक वर्षांनी, काठाचे दगड काढायचं काम सुरू झालं. यंत्रांनी दगड उचलले, मोठमोठे ओंडके मुद्दाम पात्रात आडवे टाकले. त्यामुळे आज ओढा काही ठिकाणी अस्ताव्यस्त दिसतो. पडलेलं लाकूड, मुळांची जाळी, मध्येच खडीचा ढीग. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इथे कुणी साफसफाई करत नाही. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नसते हे ज्याला ठाऊक आहे त्याला हे लगेच उमगेल. ओंडक्याच्या पुढे पाणी कसं वळतं, मागे डोह किती शांत आहे, आणि त्या डोहावर पानांची सावली किती वेळ टिकते, हे नीट बघा. कोहोच्या पिल्लांना गार पाणी लागतं. उन्हाळ्यात वाहणं जवळजवळ थांबतं तेव्हा ती याच सावलीतल्या डोहांत दिवस काढतात.

ती दिसतात का? दिसतात, घाई नसेल तर. पुलाच्या मध्यावर न थांबता एका टोकाला उभे राहा, आपली सावली पाण्यावर पडणार नाही अशा बाजूला. पोलराइज्ड चष्मा असेल तर लावा, पाण्यावरची चमक नाहीशी होते आणि तळ दिसतो. दोन-तीन मिनिटं अजिबात हलू नका. आधी तळावर पाणनिवळ्यांच्या सावल्या फिरताना दिसतील, प्रत्येक पायाखाली एक-एक काळा ठिपका. मग ओंडक्याच्या कडेला, प्रवाहाकडे तोंड करून एका जागी थरथरणारं बोटभर पिल्लू. ते वाहून आलेल्या किड्यावर झेप घेतं आणि परत आपल्या जागी येऊन थांबतं. जागा सोडत नाही.

मोठे मासे बघायचे तर डिसेंबर-जानेवारी. आपल्याकडे पहिल्या पावसात वलगणीचे मासे चढतात, वहाळातून थेट शेतात येतात, आणि गाव रात्री बत्त्या घेऊन बाहेर पडतं. तिथेही मासा पावसाचीच वाट बघतो. उन्हाळाभर ओढ्याचं मुख वाळूच्या दांड्याने बुजलेलं असतं. मोठा पाऊस झाला की ओढा दांडा फोडतो आणि समुद्रात घोटाळणारे मासे आत शिरतात. म्हणून वादळी पावसानंतर एक-दोन दिवस सोडून, पाणी निवळायला लागल्यावर जा. गढूळ पाण्यात काही दिसत नाही, आणि सोसाट्याच्या वाऱ्यात फांद्या पडतात म्हणून वाटा बंदही ठेवतात. उथळ खडीवर पाणी अचानक उसळलं तर तिथे बघा. दोन फुटांच्या आसपासचा, अंगावर लाली चढलेला मासा कुशीवर पडून शेपटी आपटत असेल तर ती मादी खड्डा खणते आहे. आवाज न करता उभे राहा. मासेमारी इथे पूर्ण बंद आहे आणि पाण्यात पाऊलही घालायचं नाही. खडीत पुरलेली अंडी वरून दिसत नाहीत, एका पावलाखाली शेकडो जाऊ शकतात.

दुसऱ्या आणि तिसऱ्या पुलाच्या मध्ये कॅथीड्रल ग्रोव्ह नावाची राई आहे. १९ मे १९४५ रोजी संयुक्त राष्ट्रांची सनद तयार करायला सॅन फ्रान्सिस्कोत जमलेले देशोदेशीचे प्रतिनिधी इथे आले होते. महिन्याभरापूर्वीच वारलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांना आदरांजली वाहायला. तिथे तशी पाटी आहे. आज तो भाग शांत ठेवायचा म्हणून राखला आहे. 'शांतता' अशी पाटी लावली तर खरंच फरक पडतो का, हे इथे ध्वनिमापक लावून तपासलं गेलं आणि आवाज मोजता येईल इतका उतरला. मराठी मंडळी गटाने चालतात तेव्हा गप्पांचा आवाज चढतो, हे आपल्याला माहीत आहे. या दोन-तीनशे पावलांपुरतं बोलणं थांबवा. आधी ओढ्याचा एकच आवाज ऐकू येईल, मग त्यातले दोन वेगळे होतील. खडीवरून जाणारा बारीक, आणि ओंडक्याखालून पडणारा जाडसर.

खाण्याचं. जंगलात पाण्याखेरीज काही खायचं नाही. याला कारण आहे आणि ते निळ्या रंगाचं, डोक्यावर काळा तुरा असलेलं आहे. स्टेलर्स जे हा कावळ्याच्या कुळातला पक्षी माणसाच्या खरकट्यावर पोसला की त्याची संख्या वाढते, आणि तो दुसऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्लं खातो. चिवड्याचे चार दाणे सांडले तर त्यात काय बिघडलं असं वाटतं, पण दिवसाला हजारो माणसं येतात तिथे प्रत्येकाचे चार दाणे होतात.

म्हणून डबा गाडीतच राहू द्या आणि ओढ्याबरोबर खाली चला. पाचेक किलोमीटरवर म्यूर बीच आहे, बसायला लाकडी टेबलं आहेत, थालीपीठ आणि दही तिथे उघडा. समुद्रात उतरू नका, पाणी बर्फासारखं असतं आणि ओढही फार. गाडीतळावरून किनाऱ्याकडे एक लांब लाकडी पूल जातो, त्याच्याखाली तुमचाच ओढा आहे. दलदलीत पसरलेला, संथ, जंगलातल्यापेक्षा कितीतरी रुंद. त्याच्या काठाने वाळूपर्यंत जा. सप्टेंबरात गेलात तर तो समुद्रापर्यंत पोचलेला दिसणार नाही. दांड्याच्या अलीकडे एक उथळ तळं करून थांबलेला असतो, पाणी वाळूत मुरत असतं, आणि पलीकडे वीस-तीस पावलांवर लाटा फुटत असतात.